घंटेचा कान

शाळेच्या कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा कोणीतरी लांबवला आणि खैरडोहची शाळा अंदाजाने भरू लागली. गुरुजी ओसरीत उभे राहून तोंडाने ठणठण करत, आणि पोरं तेवढी गंमत पाहायला वेळेच्या आधीच हजर होत. शेवटी भैय्याजींनी बैठक बोलावली. गावातली निम्मी जमीन त्यांची, शाळेच्या कमिटीचे अध्यक्षही तेच, तेव्हा बैठकही त्यांच्याच ओसरीत झाली आणि निर्णयही त्यांचाच झाला. लोखंडाचा तुकडा पुन्हा नको, कांशाची चांगली घंटा करू. धातू गावाने द्यायचा, घरटी एक भांडं. फुटकं चालेल, चेपलेलं चालेल, पण प्रत्येक घरचं काहीतरी त्यात पडलं पाहिजे, असं भैय्याजी सगळ्यांसमोर म्हणाले. आदल्या सालच्या दुष्काळात पुष्कळांची भांडी सावनेरच्या बाजारात गेली होती, तरी कोणी नाही म्हटलं नाही.

घंटा ओतायचं काम अर्थातच चंपत ओताऱ्याकडे आलं. गावात ओताऱ्याचं घर तेवढं एकच. बैलांचे घुंगरू, गळ्यातल्या घाटी, बायकांची जोडवी, समया, सगळं तो मेणावर करायचा. आधी मेणाची वस्तू, तिच्यावर मातीचे थर, मग मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. एक साचा, एक वस्तू. साचा फोडला की संपला, दुसरी वस्तू तशीच होणे नाही. हाच त्याचा अभिमान आणि हेच त्याचं दुखणं. कारण अलीकडे नागपूरहून वाळूच्या साच्यातल्या घाटी येत होत्या, डझनाने, एकीसारखी एक आणि स्वस्त. पोळा तोंडावर आला तरी चंपतच्या अंगणात भट्टी थंडच असायची. देवकी, त्याची बायको, दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची आणि चंपत घरी बसून न वापरलेली हत्यारं पुसत बसायचा. बायको चिखलाने भरलेले पाय घेऊन दारात आली की तो उगाच उठून भात्याची दोरी तपासायचा. त्यामुळे शाळेची घंटा म्हणजे नुसतं काम नव्हतं. ती चांगली वाजली असती तर आसपासच्या गावांत पुन्हा त्याचं नाव झालं असतं, चुकली असती तर भात्याला कायमचं जाळं धरलं असतं.

त्याचा धाकटा भाऊ धोंडबा नागपूरला सक्करदऱ्यात राहून एका ढलाईच्या कारखान्यात काम करी. त्याने सांगून पाहिलं. "भाऊ, मले दे. वाळूत दाबून एका दिवसात ओतून आनतो."

चंपत म्हणाला, "वाळूतली घंटा भाकरीवानी खरबडीत निंगते. गावानं मले सांगितलं हाय, तुह्या कारखान्याले नाही." धोंडबा हसला आणि ओतायच्या दिवशी भाता ओढायला येतो म्हणून निघून गेला.

भांडी यायला लागली. वाकडे गडवे, बुडाला भोक पडलेली गंगाळं, कोणाच्या लग्नातली वाटी. बौद्धपुऱ्यातूनही आली. ती माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली त्याला आता बरीच वर्षं झाली होती, आणि शाळेत अर्ध्याहून जास्त पोरं त्यांचीच होती. उरलेल्या गावाने हातचं राखून दिलं, त्यांनी नाही. बायजाबाई म्हणून एक म्हातारी होती, नातीचं नाव शाळेत घातलेली. बाकीच्यांनी आपली भांडी अंगणाच्या कडेला ठेवली, ही सरळ भट्टीपर्यंत आली आणि कांशाची एक पसरट वाटी तिने चंपतच्या हातात दिली. वाटीच्या काठाला नखाएवढी खाच होती.

"सासूची हाय," ती म्हणाली. "असली कांशाची दुसरी नाही घरात. वाजली पाहिजे बरं का गा."

वाजेल, असं चंपतने सांगितलं. वाटी त्याने बोटांच्या टोकांनी घेतली होती, हे त्याचं त्यालाच नंतर आठवलं.

संध्याकाळी भैय्याजी शेताकडून येताना अंगणात थांबले. घंटा शाळेची असली तरी शाळा देवळाला लागूनच आहे, आरतीलाही उपयोगी पडेल, असं इकडचं तिकडचं बोलले. मग ढिगाकडे पाहून म्हणाले, "जरा पाहून ओतजो, चंपत." एवढंच. काय पाहून, हे ना त्यांनी सांगितलं ना चंपतने विचारलं. न विचारताच कळलं, यातच सगळं आलं. विचारलं असतं तर भैय्याजींना तोंडाने बोलावं लागलं असतं, आणि कदाचित ते बोललेही नसते. पण चंपतने मान हलवली, आणि ते गेल्यावर बौद्धपुऱ्याची भांडी वेगळी करून पोत्यात भरली.

देवकीने विचारलं, "काहून वेगळे करून राहिले?"

"मागून पाहू त्याचं काहीतरी," असं म्हणून त्याने पोतं कणगीच्या मागे सारलं. देवकीला काय ते समजलं. त्या दिवशी जेवताना तिने त्याला दुसऱ्यांदा वाढलं नाही.

ओतारी आधी मेण तोलतो आणि त्याच्या नऊपट धातू घेतो, वर जळायला आणि मुशीला चिकटायला थोडा जास्तीचा. चंपतचा बाप त्या जास्तीच्या धातूला ओताऱ्याची अब्रू म्हणायचा. गावाचा उरलेला धातू तोलला तेव्हा मेणाच्या हिशेबाला तो जेमतेम पुरत होता, जास्तीचा काहीच नव्हता. मेणाचा थर जरा पातळ करू, भागेल, अशी चंपतने स्वतःची समजूत घातली. एरवी दुसऱ्या कोणी असा हिशेब केला असता तर त्याने त्याला हसून वेड्यात काढलं असतं.

मग कामाला लागल्यावर त्याचा जीव जरा रमला. देवकीने नदीकाठची माती चाळून शेणात कालवली, त्याने आतला मातीचा गोळा केला, त्यावर राळ घातलेलं मेण पट्टीपट्टीने बसवलं आणि अंगठ्याने इतकं गुळगुळीत केलं की त्यात भट्टीचा उजेड दिसावा. वर टांगायला जाड कान केला. पाऊस झिमझिम चालू होता, साचा वाळेना, तेव्हा दोघं चुलीजवळ साचा फिरवत बसत, आजारी पोराला कूस बदलून द्यावी तसा. त्या दिवसांत देवकी निंदायला गेली नाही, आणि पोत्याचा विषय कोणी काढला नाही.

ओतायच्या दिवशी धोंडबा आला. बाप ओतताना कोणाला बोलू देत नसे, तीच रीत चंपत पाळी. धोंडबा भाता ओढत होता, मुशीतला धातू आधी लाल, मग पिवळा, मग पाण्यासारखा हलायला लागला. चंपतने तोंडाला फडकं बांधून चिमट्याने मूस उचलली. साचा तोंडाने खाली आणि कानाने वर असा खड्ड्यात पुरलेला होता. धातू खालून भरत वर येतो, कान सगळ्यात शेवटी भरतो, आणि वरच्या भोकातून धातूचा डोळा दिसला की ओतारी थांबतो. चंपत ओतत राहिला. साच्यात गुडगुड झाली, वाफ निघाली. मूस रिकामी झाली तरी भोकात अंधारच होता.

धोंडबाने रीत मोडली. "अजून हाय का काही?"

होतं. कणगीमागे होतं, थंड आणि घट्ट, आणि ते वितळेपर्यंत साच्यातलं थिजून दगड झालं असतं. चंपत चिमट्यात रिकामी मूस धरून तसाच उभा राहिला, तेव्हा देवकीने पुढे होऊन चिमटा त्याच्या हातून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी साचा फोडायला गाव जमलं. न जमतं तर बरं झालं असतं, पण प्रत्येकाने भांडं दिलं होतं, त्यामुळे प्रत्येकाला पाहायचं होतं. बौद्धपुऱ्याची माणसंही आली होती, कुंपणाजवळ उभी होती. चंपतने माती फोडली. घंटा निघाली, अंग सुरेख, काठ सारखा, आणि डोक्यावर कानाच्या जागी नुसतं बोटभर टेंगूळ. टांगायला काही नाही.

थोडा वेळ कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग आलं, आणि कुजबुज सुरू झाली. एवढी भांडी दिली होती, मग धातू कमी कसा पडला? ओताऱ्याच्या घरी धातू वजनात उतरतो, असं मागून कोणीतरी हसत बोललं. चंपतच्या बापाने सांडलेले थेंबसुद्धा झाडून मालकाला परत दिले होते, आणि चंपतनेही आयुष्यात कोणाचा गुंजभर धातू ठेवला नव्हता. सगळं गाव जाणत होतं. तरी ते हसणं पसरलं.

भैय्याजींनी विचारलं, "धातू कुठं गेला, चंपत?"

तो खाली पाहत राहिला. खरं सांगितलं तर काय सांगावं लागेल ते त्याला ठाऊक होतं. चोर म्हणवून घेणं त्यापेक्षा सोपं वाटलं. पण ते देवकीला सोपं नव्हतं. ती घरात गेली, पोतं ओढत अंगणात घेऊन आली आणि सगळ्यांसमोर उपडं केलं. "घ्या मोजून," ती म्हणाली. "चोर नाही माहा नवरा."

भांडी खडखडत पसरली. देवकीची मान ताठ होती. मग ती भांडी कोणाची आहेत हे एकेकाला उमगत गेलं, आणि मघाशी हसलेले मागे सरकले. देवकीलाही तेव्हाच कळलं की तिने नवऱ्याला एका डागातून काढून दुसऱ्यात ढकललं. चंपतने भैय्याजींकडे पाहिलं. भैय्याजी म्हणाले, "मी कधी म्हटलं होतं? सगळ्यांचं घे, असं मी बैठकीत बोललो हाय." आणि ते खरंच होतं.

बायजाबाई कुंपणापासून चालत आली. तिने ढिगातून आपली वाटी शोधली, काठाची खाच बोटाने चाचपली, पदराने वाटी पुसली. आवाज न चढवता तिने विचारलं,

"विस्तवातबी चालली नाही का गा, चंपत?"

आणि वाटी घेऊन ती निघाली. वस्तीतली बाकीची माणसं पुढे आली आणि आपापलं भांडं घेऊन गेली. चंपतला वाटलं, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लाज अशी की कुठे लपावं कळेना, आणि सगळं गाव अंगणात उभं.

तो पहाटेच्या एसटीने नागपूरला गेला. धोंडबा त्याला सोबत कारखान्यात घेऊन गेला. पत्र्याच्या शेडखाली उघड्या अंगाची माणसं काळी वाळू पेटीत ठोकून बसवत होती, अर्धा साचा खालच्या पेटीत, अर्धा वरच्या, आणि मधून लाकडी नमुना अलगद उचलून घेत होती. पलीकडे लहान तोट्या लोखंडी साच्यात ओतत. तो साचा अडकित्त्यासारखा उघडायचा, तोटी काढायची, पुन्हा मिटायचा, फोडायचं कामच नाही. चंपतने एरवी नाक मुरडलं असतं, आज तो मुकाट पाहत राहिला. दारात भंगाराचा ढीग होता. पंपाचे तुकडे, रामदासपेठेतल्या कुठल्या दवाखान्याची तसराळी, मोडकी समई, पितळी बिल्ले. एक माणूस फावड्याने ते सगळं भट्टीत लोटत होता.

"हे कोनाकोनाचं असते?" चंपतने विचारलं.

"कोनाले माहीत," धोंडबा म्हणाला. "विचारत बसलो तं कारखाना चालन का, भाऊ?"

त्याने ते टोचायला म्हटलं नव्हतं, पण चंपतला दिवसभर टोचत राहिलं.

कोपऱ्यात एक म्हातारा मिस्त्री तुटलेल्या चाकाला दात जोडत होता. जुनं चाक तापवून, मोडल्या जागेवर वाळूचा छोटा साचा बसवून, त्यातून तो गरम धातू वाहू देत होता. जुनं अंग मऊ होऊन नव्याला धरेपर्यंत धातू एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. मग बाहेरचं भोक बंद. चंपत उकिडवा बसून शेवटपर्यंत पाहत राहिला. सांधा दिसतो का, असं त्याने विचारलं तेव्हा म्हातारा हसून म्हणाला, घासला की कोणाच्या बापाला कळत नाही.

परत आल्यावर तो घरी न जाता बौद्धपुऱ्यात गेला. एवढ्या वर्षांत त्याचा पाय त्या वस्तीत कधी पडला नव्हता. ऊन चढलेलं, एसटीच्या धुळीने तोंड कोरडं पडलेलं. बायजाबाई दारात तूर निवडत होती. तिने बस म्हटलं नाही, तरी तो जमिनीवर बसला.

"पानी विचारत नाही तुले," ती म्हणाली. "तू नाही म्हनशीन, अन् आज मले ते आयकाचं नाही."

नाही म्हणणार नाही, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. तहान तर जिवाची लागली होती. पण मागायचा धीर झाला नाही, आणि तो तसाच कोरड्या तोंडाने बोलायला लागला. घंटा फोडतो, म्हणाला. सगळा धातू, गावाचा आणि तुमचा, एका मुशीत घालतो आणि नव्याने ओततो. तुमच्यासमोर. घंटा अशी होईल की काही झालं होतं हे कोणाला कळणारसुद्धा नाही.

बायजाबाईचे हात थांबले. कळणार नाही म्हणजे, असं तिने विचारलं. चंपतने पुन्हा समजावलं, सगळं एकजीव होईल. दुसरी काही तऱ्हा आहे का, तिने विचारलं. तेव्हा नाइलाजाने त्याने मिस्त्रीची गोष्ट सांगितली. आहे त्या घंटेला नुसता कानही जोडता येईल, पण तापवताना घंटा तडकायची भीती, शिवाय सांधा राहतो, तो घासून काढावा लागतो.

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. "मंग तसंच कर. कान आमच्या भांड्याचा ओत. अन् सांधा घासू नको."

"बाई, उघडा सांधा म्हनजे ओताऱ्याची बेअब्रू असते."

"असू दे," ती म्हणाली. "सारं एकजीव झालं तं तू काय केलं ते कोनाले दिसन? राहू दे दिसत."

चंपतने होकार दिला. दुसरं काही म्हणायचा त्याला हक्क नव्हता, हे त्याला त्या अंगणात बसल्या बसल्या स्वच्छ दिसलं.

या खेपेला भाता ओढायला देवकी बसली. वस्तीची माणसं कुंपणाशी नाही, भट्टीभोवती उभी होती, आणि भांडी त्यांनी आपल्या हातांनी मुशीत टाकली. वाटी टाकताना बायजाबाईने ती एकदा बोटाने वाजवून पाहिली. चंपतने घंटेचं डोकं निखाऱ्यांत हळूहळू तापवलं, जरा घाई झाली तर चर्रकन तडा जाईल म्हणून श्वास धरून. टेंगळावर मातीचा साचा बसवलेला होता. त्याने धातू सोडला, तो टेंगळावरून वाहत बाहेरच्या भोकातून पडू लागला. थोडा, अजून थोडा. मग त्याने मातीच्या गोळ्याने भोक दाबलं. बोटं भाजली, पण त्याने हात काढला नाही. वरच्या भोकात धातूचा पिवळा डोळा आला आणि थांबला.

घंटा निवायला रात्र गेली. सकाळी माती काढली तेव्हा कान भक्कम बसला होता. त्याच्या बुडाशी धातू ओघळून थिजलेली कडा होती, जाड, वेडीवाकडी, रंगाने बाकी घंटेपेक्षा जरा उजळ. चंपतने घंटेचं अंग राखेने आणि चिंचेने लखलखीत केलं. कडेपाशी आला की त्याचा हात वळसा घालून जाई.

घंटा कडुलिंबाला चढली. गुरुजींनी टोल दिला. आवाज इतका मोकळा निघाला की पलीकडच्या वावरात निंदणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. गावाला खुशी झाली. भैय्याजींनी घंटेवरून हात फिरवला आणि कडेपाशी थांबले.

"हे एवढं काहून ठेवलं? घासून टाक ना."

"नाही घासत," चंपत म्हणाला.

"काहून?"

माणसं ऐकत होती. बायजाबाई नातीला घेऊन मागे उभी होती. चंपतची मान वर होईना, पण तो बोलला. "कान त्याहीच्या भांड्याचा हाय. मी ते भांडे वेगळे ठेवले होते. कोनी सांगितलं नव्हतं, मीच ठेवले. म्हून सांधा राहीन."

भैय्याजींनी घंटेवरचा हात काढून घेतला आणि गुरुजींना पोरं आत घ्यायला सांगितलं.

त्या पोळ्याला बाहेरगावची माणसं घंटा पाहायला आली. आवाजाची तारीफ करत, मग मान वर करून विचारत, हात चांगला आहे ओताऱ्याचा, पण एवढी कड घासायची राहून गेली का. चंपतला प्रत्येकाला ते पहिल्यापासून सांगावं लागे, वाटीसकट. कोणी काम देऊन जाई, कोणी ऐकून गप निघून जाई. देवकी काही दिवस निंदायला जाई, काही दिवस माती चाळायला घरी राही.

घंटा मात्र रोज वाजायची. वाजली की चंपतचा हात आपसूक कानशीकडे जाई. मग तो कानस उचलून, पुसून, पुन्हा होती तिथे ठेवून देई.